सुरत समजून घ्यायचीये? मग पुस्तकं या क्रमाने वाचा

सुरतेवर काय वाचू विचारलं की लोक लगेच फ्रायर आणि ओव्हिंग्टनची नावं फेकतात. एक इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर, एक पाद्री, दोघांची प्रवासवर्णनं मजेदार आहेत, पण इथल्या व्यापाऱ्याच्या चोपड्यात काय चाललंय ते त्यांना कुठून दिसणार? ती शेवटी.

आधी नकाशा घ्या. तापीच्या मुखाशी वाळू साचायची, म्हणून युरोपियनांची मोठी जहाजं बाहेर सुवालीला नांगर टाकायची आणि तिथून माल गाड्यांनी शहरात यायचा. मोखा, जेद्दा ही तांबड्या समुद्रावरची बंदरं पण शोधून ठेवा.

मग अशीन दासगुप्तांचं सुरतेच्या ऱ्हासावरचं १९७९ चं पुस्तक. एकच वाचणार असाल तर हेच. डच कागद भरपूर वापरलेत, पण लक्ष मुल्ला अब्दुल गफूरसारख्या इथल्या जहाजमालकांवर. "इंग्रज आले आणि सुरत बसली" हे शाळकरी उत्तर विसरा, इकडे मुघल सत्ता खिळखिळी, तिकडे इराणात सफावी घराणं कोसळलं, येमेनमध्ये गोंधळ, मग माल आणायचा कुठून आणि विकायचा कुणाला?

आता खरी कटकट, कंपनीच्या इंग्रज वखारीची पत्रं. फॉस्टरने संपादित केलेले खंड १६१८ ते १६६९ पर्यंतचे आहेत, आणि "सरळ पहिल्यापासून वाचा" म्हणणाऱ्याने ते उघडलेले नसतात असं माझं स्पष्ट मत आहे. मी इथे तारखांपाशी भरपूर डोकं आपटलंय. इंग्रज तेव्हा जुनं (ज्युलियन) कॅलेंडर वापरायचे आणि त्यांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे शिवाजी महाराजांची सुरतेवरची पहिली स्वारी आपल्या हिशोबाने जानेवारी १६६४ ची, पण त्यांच्या हिशोबाने ते अजून १६६३ च. त्याच शहरातले डच नवं (ग्रेगोरियन) कॅलेंडर वापरायचे, म्हणजे तारीख १० दिवस पुढे. वर मुघल कागदात हिजरी आणि आपल्याकडे शक! एका पानावर रकाने पाडा, प्रत्येक तारीख आधी एका पद्धतीत आणा, संपादकाने काय बदललंय ते प्रस्तावनेत बघा, आणि मगच दोन साधनांची तुलना करा. नाहीतर एकच घटना दोनदा घडवाल. सभासदाची बखर सोबत असू दे, पण ती तीसेक वर्षांनंतरची, तारखा ठरवायला नको.

आणि ही पत्रं साहेबाला लिहिलेली आहेत हे विसरू नका. शहराचा मुघल अधिकारी इनायतखान किल्ल्यात दडून बसला, आम्ही मात्र वखार राखली, हे ते रंगवून सांगणारच. बडा व्यापारी विरजी व्होराचं घर लुटलं गेलं, त्याचं पुढे काय झालं, हे शोधत वाचा. अख्खे खंड नकोत, एक घटना धरा आणि तिच्या आगेमागेची पत्रं काढा.

मग खुशाल फ्रायर, ओव्हिंग्टन. फक्त ओव्हिंग्टन १६८९ चा आहे, कंपनीचं मुख्य ठाणं १६८७ लाच मुंबईला हललं होतं, तेवढं डोक्यात ठेवा.