ओतकामात शिसं किती, कथील किती, हिशोब नीट लावा

नुसतं शिसं ओतलं की नक्षी बोथट निघते, कथील टाकलं की रस साच्याच्या बारीक कोपऱ्यात शिरतो अन् वस्तूही जरा कडक निघते, पण कथील लई महाग. म्हणून ओळंबा किंवा मासे धरायच्या जाळ्याचे मणी ओतायचे असले तं कथलाची गरजच नाही, शोभेचा नक्षीदार बैल ओतायचा असला तं 10 ते 20 टक्के पुरे.

आता टक्के काढताना बहुतेक जण इथंच चुकतात. टक्के एकूण वजनाचे असतात भाऊ. 1 किलो शिशात 200 ग्रॅम कथील टाकलं तं 20 टक्के होत नाही, साडेसोळाच्या आसपास होते, 20 साठी 250 ग्रॅम पायजे. अन् शुद्ध कथील नसून 60-40 ची सोल्डर (डाग द्यायची कथील-शिशाची तार) असली तं तिच्यात 40 टक्के शिसं आधीच हाय, मंग किलोभर शिशात 10 टक्क्यासाठी 200 ग्रॅम सोल्डर, अन् 20 टक्क्यासाठी चक्क 500 ग्रॅम.

भंगारातला तुकडा कशाचा हाय ते माहीत नसलं तं तो दोऱ्यानं काट्याले टांगून पाण्यात पूर्ण बुडवा. किलोमागं 88 ग्रॅम वजन कमी भरलं तं निव्वळ शिसं, 98 च्या जवळ तं 20 टक्के कथील, 113 तं निम्मं-निम्मं, 137 तं सारं कथील. तुकडा भरीव पायजे अन् त्यात दुसरा धातू नको, नाही तं हा हिशोब फसते. बॅटरीच्या प्लेटा तं घेऊच नका, त्यात अ‍ॅसिड अन् दुसरे विषारी धातू असतात.

शिसं 327 अंशाला वितळते, ते आधी वितळवा, मंग कथील टाकून ढवळा. एकजीव झाल्यावर शिसं खाली बसत नाही, ती भीती सोडा. वर राखाडी साय येते ती लगेच काढून फेकू नका, त्यात तुमचं महागाचं कथीलही असते, थोडं मेण टाकून ढवळा (भडका होते, तोंड लांब ठेवा), बरंचसं परत रसात जाते. उष्णता 400 च्या खाली ठेवा, चुकून जस्ताचा तुकडा आला तं तो न वितळता वर तरंगते अन् काढता येते.

पावसाळ्यात साचा अन् पळी आधी तापवून कोरडी करा, पाण्याचा एक थेंबही रस उडवते. काम उघड्यावर करा, स्वयंपाकाची कढई वापरू नका, नंतर हात साबणानं धुवा. तान्ह्या पोळ्याले पोराच्या हातात लाकडाचाच बैल द्या, शिशाचा नाही. भांड्याच्या कल्हईले शुद्ध कथीलच, यातला तुकडाही नको.

उरलेल्या रसाच्या वड्या पाडा अन् प्रत्येकीवर खिळ्यानं टक्के कोरून ठेवा.