मागची वाटचाल मोजताना या चुका टाळा

साताऱ्यात वर्षभर यवतेश्वरचा घाट चढूनही ‘आपण आहे तिथंच आहोत’ असं वाटत असेल, तर खोट बहुधा पायांत नसते, मोजण्यात असते.

सगळ्यात मोठी चूक आठवणीवर विसंबण्याची. सुरुवातीला कुठल्या वळणावर धाप लागून बसावं लागायचं, हे सहा महिन्यांत विसरायला होतं. एखादी गोष्ट अंगवळणी पडली, की ती पहिल्यापासून जमत होती असंच वाटू लागतं. म्हणून साध्या वहीत दर वेळी लिहा: तारीख, लागलेला वेळ, किती वेळा थांबलात आणि वर पोहोचताक्षणी नाडीचे ठोके. ठोके १५ सेकंद मोजून ४ ने गुणा. पूर्ण मिनिट मोजत राहिलात तर तेवढ्यात नाडी उतरते आणि आकडा कमी येतो. मग एक मिनिट उभे राहून पुन्हा मोजा. या दोन आकड्यांतला फरक महिन्यागणिक वाढत असेल, तर दमसास वाढतोय, मग घड्याळातली वेळ तीच का असेना.

एप्रिल आणि डिसेंबर शेजारी मांडू नका. उन्हात अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, त्यामुळे त्याच वेगाला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. डिसेंबर मागच्या डिसेंबरशीच ताडून पाहा. रस्ताही तोच हवा. सांगलीत कृष्णाकाठच्या सपाटीवर लागलेला वेळ घाटाला लावता येत नाही.

जमीन बदलली की मापही बदलतं. गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत घडलेले मल्ल. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सवय नसलेल्या मॅटवर ते सहावे आले. तो सहावा क्रमांक गावच्या आखाड्यातल्या विजयांशेजारी ठेवला तर पीछेहाट वाटेल. खरं तर १९५२ च्या हेलसिंकीतल्या कांस्यपदकाकडे जाणारी ती मोठी मजल होती.

रोज वजन करणंही टाळा. पाणी आणि जेवणानंच ते किलोभर वरखाली होतं. आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी पुरे.

आजारपणात किंवा सुगीत खंड पडला, तर आपल्या सर्वोत्तम दिवसाशी तुलना नको. नवं पान घ्या, वर ‘पुन्हा सुरुवात’ आणि तारीख घाला. जुनी पानं मात्र फाडू नका. दर तीन महिन्यांनी वही उघडाल, तेव्हा वाचायला पहिल्या पानापासून घ्या.