स्पिनिंग क्लासमध्ये केडन्स कसा शिकवायचा

स्पिनिंगला, म्हणजे जागेवरच्या सायकलच्या क्लासला, आलेल्या नवीन लोकांना नुसतं "फास्ट, फास्ट" ओरडून काही होत नाही, आधी त्यांना स्वतःचा केडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलचे किती फेरे होतात ते, मोजायला शिकवा. उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजायचं आणि चारने गुणायचं, २१ आला तर ८४ आरपीएम (मिनिटाला फेरे), बस्स. सपाट रस्त्याला साधारण ८० ते ११० आणि चढाला ६० ते ८० धरा.

आता खरी गोष्ट रेझिस्टन्सची, म्हणजे पेडल फिरवताना लागणाऱ्या लोडची. कुणी सीटवर उसळायला लागलं की समजायचं लोड कमी पडतोय, पाय चाकामागे नुसते फरफटत जातायत, तेव्हा "हळू करा" म्हणण्यापेक्षा "नॉब थोडा उजवीकडे फिरवा" सांगा, उसळणं लगेच थांबतं. उलट खांदे डोलायला लागले, पेडल ढकलताना अख्खं अंग हलतंय, तर लोड जास्त झालाय, कमी करायला लावा, गुडघ्यांवर ताण येतो हो.

गाणं निवडताना बीट बघा, १७० बीपीएमच्या (मिनिटाला १७० बीट) गाण्यावर प्रत्येक बीटला एक पाय खाली गेला की ८५ आरपीएम आपोआप मिळतो. आणि प्लीज, आकडा एकच देऊ नका, रेंज द्या, म्हणजे नवख्या माणसालाही जमतं.