जपानमध्ये भाड्यासाठी जुना फ्लॅट घेताय? आधी सोसायटीचा हिशोब बघा

टोकियोत निशिकासाईकडे आपली बरीच मंडळी राहतात आणि हल्ली तिथला जुना फ्लॅट घेऊन भाड्याने द्यावा का असं बरेच जण विचारतात. घेता येतो, परदेशी माणसाच्या नावावर सुद्धा होतो, व्हिसाची अट नाही, मात्र फ्लॅट घेतला म्हणून व्हिसाही मिळत नाही.

पहिलं म्हणजे बिल्डिंगचं वय. 1 जून 1981 पासून भूकंपाचे नियम कडक झाले, पण बघायची ती बांधकाम परवानगीची तारीख, बिल्डिंग पूर्ण झाल्याची नाही. 1982 ला पूर्ण झालेली बिल्डिंग जुन्या नियमाची निघू शकते, त्यामुळे एजंटला परवानगीची तारीख कागदावर दाखवायला सांगा.

आता खरा मुद्दा. दर महिन्याला मालकाला दोन वेगवेगळ्या रकमा भराव्या लागतात, एक मेंटेनन्स आणि दुसरा रिपेअर फंड, म्हणजे शूझेन त्सुमितातेकिन. बिल्डर सुरुवातीला फ्लॅट खपावा म्हणून हा फंड कमी ठेवतात आणि मग तो वाढत जातो. सरकारी गाइडलाइनमध्ये लहान बिल्डिंगसाठी चौरस मीटरला महिना सरासरी 335 येन धरलेत, म्हणजे 25 चौ. मी. च्या वनरूमला साधारण 8,400. जाहिरातीत तिथे 3,000 दिसले तर खूश होऊ नका, तो खर्च पुढे तुमच्याच बोकांडी बसणार.

हिशोब करून बघा: किंमत 1.2 कोटी येन, भाडं महिना 60,000, जाहिरातीत वर्षाला 6 टक्के परतावा लिहिलेला असेल. मेंटेनन्स 8,000, फंड 3,000, भाडं सांभाळणाऱ्या कंपनीचे 3,000 आणि वर्षाचा प्रॉपर्टी टॅक्स 40,000 धरला तर उरतात 5,12,000, म्हणजे जेमतेम 4.3 टक्के. फंड 9,000 झाला की 3.7 वर येता, आणि यात रिकामे महिने धरलेलेच नाहीत! शिवाय घेतानाच ब्रोकरेज जास्तीत जास्त 3 टक्के अधिक 60,000 आणि वर टॅक्स, म्हणजे इथे 4,62,000 पर्यंत.

म्हणून सही करायच्या आधी एजंटकडून मॅनेजमेंट कंपनीचा रिपोर्ट, लाँग टर्म रिपेअर प्लॅन आणि मालकांच्या मीटिंगची मिनिट्स मागवाच. त्यात बघा फंडात एकूण किती शिल्लक आहे, किती मालकांनी हप्ते थकवलेत, मोठी दुरुस्ती शेवटची कधी झाली (साधारण 12 ते 15 वर्षांनी येते) आणि फंड वाढवायचा ठराव झालाय का. एजंट टाळाटाळ करत असेल तर सरळ दुसरा फ्लॅट बघा, माझं तरी हेच मत आहे.

पुराचा हॅझर्ड मॅप, म्हणजे कुठे किती पाणी भरू शकतं तो नकाशाही बघा, निशिकासाई ज्यात येतं तो एदोगावा वॉर्ड सखल आहे. जमीन मालकीची की लीजवर तेही विचारा, लीजवाला फ्लॅट स्वस्त दिसतो पण विकताना गिऱ्हाईक कमी.

भारतात राहून घेत असाल तर एलआरएसमधून, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून, माणशी वर्षाला 2,50,000 डॉलरपर्यंतच पाठवता येतात, आणि जपानमध्ये तुमच्या वतीने टॅक्स भरणारा प्रतिनिधी नेमावा लागतो. विकताना बहुतेक व्यवहारांत घेणारा किमतीतून 10.21 टक्के कापून टॅक्स ऑफिसला भरतो, ते नंतर रिटर्न भरून ॲडजस्ट होतं, त्यामुळे तेवढी रक्कम काही महिने हातात येणार नाही हे धरूनच चाला.