गाळाचा खड्डा आधी, तळं मग

आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, इकडं माण-खटाव, सगळीकडं वळवाची आभाळं जमायला लागलीत. बाकीची कामं बाजूला ठेवून आज एकच बघून या. शेततळ्यात पावसाचं पाणी जिथून आत शिरतं, तिथं त्याला थांबायला जागा आहे का? नसेल तर जेसीबी मिळेल त्या दिवशी, नाहीतर टिकाव-फावड्यानं, गाळाचा खड्डा काढा. पहिला वळीव हुकला तरी चालेल, गढूळ लोंढा तळ्यात घेऊ नका.

हे मी दरवर्षी सांगतो आणि दर उन्हाळ्यात कुणाच्या तरी तळ्याच्या काठावर हळहळत उभा असतो. मागं एका द्राक्षबागेत गेलो होतो. खरड छाटणी (एप्रिलच्या सुमाराची) होऊन तीन आठवडे झालेले. तळ्यात सहा फूट पाणी आहे असं मालक सांगत होते. बांबू घातला तर वरचं चार फूट पाणी आणि खालचा दोन फूट चिखल. फुटबॉल, म्हणजे पंपाच्या ओढ-पाईपचं झडपेचं तोंड, त्या चिखलात बसलेलं. सँड फिल्टर दिवसातून चारदा उलटा धुवायचे, तरी ओळीच्या शेवटच्या झाडांना थेंब नाही. एक ड्रीपर उपटून तळहातावर झटकला, तर आतून काळं लोणी निघावं तसा गाळ निघाला. छाटणीनंतरचे पहिले चाळीसेक दिवस काडी तयार व्हायचे असतात. तेव्हा पाणी तुटलं की काडी बारीक राहते, पण बाग हिरवी दिसते म्हणून कुणी घाबरत नाही. हिशोब लागतो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, घड नसलेल्या वांझ फुटी मोजताना.

गाळ काढू म्हणाल, तर प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात जेसीबी उतरत नाही. बायका अनवाणी घमेली घेऊन उतरल्या, एका गड्याचं फावडं कागदाला लागलं, आणि उरलेलं पाणी दोन रात्रींत जमिनीत गेलं. ५०० मायक्रॉनचा कागद असला तरी फावड्यापुढं तो कागदच.

हिशोब करून बघा. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल आणि एकास एक उताराचं तळं २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर धरतं. वाहून येणाऱ्या पाण्यात लिटरला ५ ग्रॅमच माती धरली तरी एका भरण्यात ११ टन माती आत. नांगरट झालेल्या रानातून पहिला वळीव येतो तेव्हा माती याहून जास्तच असते. "आमचं तळं टेंभूच्या, म्हैसाळच्या उपसा योजनेच्या पाण्यावर भरतं" असं म्हणणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये, कालव्याचं पाणी काही गाळून येत नाही.

खड्डा कसा? निदान ३ मीटर लांब, २ रुंद, १ खोल. त्यात ६,००० लिटर मावतात, म्हणजे सेकंदाला १० लिटर येत असतील तर पाणी दहा मिनिटं थांबेल. वाळू आणि जाड माती तेवढ्यात बसते. काळ्या रानाची चिकणमाती बसत नाही. तिथं मी लांबी दुप्पट करायला सांगतो आणि मध्ये दगडाची आडवी ताल घालायला. तळ्यात जाणारा पाईप वरच्या अंगाला, तोंडाला जाळी. खड्ड्याच्या अलीकडं आठ-दहा फूट हरळी किंवा मारवेल गवत राहू द्या, आणि खड्ड्याच्या कडेनं वाळा, कर्दळ लावा. पाण्यात विरघळून येणारं खत त्यांच्या मुळांनी ओढलं की तळ्यात शेवाळ कमी धरतं. पाणकणीस मात्र कागदाजवळ नको, त्याच्या टोकदार मुळ्या कागद सोडत नाहीत.

तुमची माती कुठली, ते एका रिकाम्या बाटलीत कळतं. ओघळाचं गढूळ पाणी भरून बाटली चुलीजवळच्या फळीवर ठेवा. थोड्याच मिनिटांत वर निवळ आलं तर साधा खड्डा पुरे. सकाळीही चहासारखं दिसलं तर मोठा खड्डा आणि गवताचा पट्टा, दोन्ही लागणार.

दुकानात यावर "पाणी निवळणारी जैविक पावडर" मिळते, शेवाळाची वेगळी, चिखलाची वेगळी. घेऊ नका. पाणी तुरटीनंही निवळतं, हजार लिटरला २५ ते ५० ग्रॅम, आधी बादलीत बघून. पण तुरटी असो की पावडर, बसलेला गाळ तळाशीच राहतो, खड्ड्याची जागा ती घेत नाही. शेवाळ फारच झालं तर मोरचूद लाख लिटरला ५० ते १०० ग्रॅम, फडक्यात बांधून पाण्यातून फिरवा. मासे सोडले असतील तर मोरचुदाला हातही लावू नका. त्यापेक्षा गवत्या आणि चंदेरा मासे सोडलेले स्वस्त पडतात, असा माझा अनुभव आहे. पुस्तकात कुणी काही म्हणो.

बाकी नेहमीची कामं:
– फुटबॉल तरंगत्या डब्याला बांधून पाण्याच्या पृष्ठभागाखाली दीड-दोन फुटांवर लटकवा.
– फिल्टरच्या आतल्या-बाहेरच्या दाबात ०.५ किलोचा (दर चौरस सेंटीमीटरला) फरक पडला की उलटा धुवा.
– लॅटरलची (ठिबकच्या बारीक नळ्यांची) टोकं आठवड्याला सोडा.
– नळ्यांतल्या क्षारांना आम्ल, शेवाळाला क्लोरीन. दोन्ही एकत्र कधीच नको, विषारी वायू होतो. आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात नाही.
– सांडवा मोकळा, बांधावरची उंदराची बिळं बुजवलेली.
– चारी बाजूंनी कुंपण, आत गाठी मारलेले दोर. ओल्या कागदावरून पोहणाराही वर येत नाही.

पाऊस सुरू झाला की पहिला अर्धा तास पाईपाच्या तोंडावर मातीचं पोतं ठेवा, रानातली पहिली धुवण बाहेरच्या ओढ्या-वगळीला जाऊ द्या. आणि खड्डा एकदा काढून विसरू नका. आपल्याकडं खरा पाऊस उत्तरा-हस्ताचा, तोवर खड्डा भरलेला असतो आणि लोंढा त्याच्यावरून सरळ तळ्यात जातो. ऑगस्टच्या उघडिपीत तो उपसून घ्या. निघालेला गाळ बांधावर टाकू नका, पुढच्या सरीला तोच परत आत येतो. रानात पसरा.