पडक्या घरात जुन्या वस्तू शोधताय? या चुका टाळा

दिवाळी सरली, गवत वाळलं, की बेळगावजवळच्या खानापूरच्या रानातल्या ओसाड वस्त्यांवर पोरांची वर्दळ सुरू होते. पाठीला सॅक, हातात मेटल डिटेक्टर आणि दोन तासांत काहीतरी सापडलंच पाहिजे ही घाई. दरवर्षी त्याच चुका बघून जीव तळमळतो, म्हणून लिहितोय.

घर ओसाड आहे, बेवारस नाही

महसूल दप्तरात 'बेचिराख' म्हणून लागलेल्या गावातल्या जमिनीलाही उतारा असतो, उताऱ्यावर नावं असतात आणि त्या नावांची माणसं बेळगावात, पुण्यात राहत असतात. काहीजण वर्षातून एकदा त्याच पडक्या सोप्यात नैवेद्य ठेवायला येतात. मी आधी शेजारच्या गावात जाऊन पारावर बसतो, घर कुणाचं ते विचारतो. अर्धा दिवस जातो, जाऊ दे.

भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका. आणि खणू तर कुठंच नका. जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं शंभर वर्षांपुढची वस्तू पुरावशेषात, म्हणजे जपायच्या प्राचीन वस्तूंत मोडू शकते. डिटेक्टर घरी ठेवलेला बरा. डोळे पुरतात.

नाणं घासणं

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते.

मलप्रभेच्या वरच्या अंगाला एक वस्ती आहे. प्लेगात उठली, असं आसपासचे लोक सांगतात. १८९६ साली मुंबईत आलेली साथ पुढं आपल्या भागातही पसरली. लोक घरं सोडून मळ्यात खोपी घालून राहिले. काही परतले, काही नाही. ही वस्ती खरंच तेव्हा उठली की नंतर, याचा पुरावा मी दोन वर्षं शोधत होतो. घरमालकांना विचारून गेलो, बरोबर एक हौशी पोरगा होता. सोप्यातल्या कोनाड्यात, चिंधीत गुंडाळलेले तांब्याचे तीन पैसे त्याच्याच हाती लागले. ते मालकांकडं पोचवायचं काम मी त्याच्यावर सोपवलं.

त्यानं रात्री चिंच-राख लावून ते घासले. सकाळी फोटो आला : 'काका, बघा कसे लखलखतायत!' तिन्हींवरचे सालाचे आकडे गेले होते. राजाच्या डोक्याचा नुसता उंचवटा उरला होता. बोडक्या डोक्याचा इंग्रज राजा सातवा एडवर्ड दिसला असता, तर निदान १९०३ पर्यंत त्या घरात चूल पेटत होती हे कळलं असतं, कारण त्याची नाणी १९०३ ते १९१० मधली. मुकुटवाला पाचवा जॉर्ज असता तर १९११ च्या पुढं. त्या घराचा तेवढाच कागद होता, तो पुसला गेला.

तांब्यावरचा काळपट-हिरवा थर म्हणजे मळ नव्हे. तांबंच बदलून तो तयार होतो आणि अक्षरं बऱ्याचदा त्यातच टिकलेली असतात. आंबट लावलं की थर सुटतो, अक्षरं त्याच्याबरोबर जातात. मी मऊ कोरड्या ब्रशनं माती तेवढी झटकतो आणि नाणं कागदी पाकिटात ठेवतो. कुठल्या खोलीत, कुठल्या भिंतीला, जमिनीपासून किती हातावर मिळालं, ते पाकिटावरच लिहितो. हात लावायच्या आधी फोटो. हे करायला पाच मिनिटं लागतात, आणि ज्याला ती नाहीत त्याला मी बरोबर नेत नाही.

पेवात उतरणं

बैलहोंगल, अथणीकडच्या काळ्या रानात जुन्या घरांत जोंधळ्याची पेवं, म्हणजे धान्य साठवायचे जमिनीखालचे खड्डे असतात. कानडीत हगेवु. तोंडावरची फरशी सरकवून आत उतरायचा मोह होतोच. एका वाड्यात एकानं पाय आत सोडला होता, मी दंड धरून मागं ओढला. कंदील दोरीला बांधून सोडला, तो दोन हात खाली जाताच विझला. बंद पेवात प्राणवायू संपलेला असतो, आणि आत कोसळलेल्याला काढायला उतरणाराही तिथंच राहतो. कंदील जळत राहिला तरी हवा चांगली असं समजू नका. पेवात उतरायचंच नाही, वरून बॅटरी मारून बघा.

बाकीच्या

पावसाळ्यात जाऊ नका. मातीच्या भिंती भिजून बसतात. दगड, कौल उचलायच्या आधी काठीनं हलवा, खाली घोणस असते.

जातं, पाटा, तुळशीवृंदावन जागेवरून हलवू नका.

पडलेलं मंगलोरी कौल उलटून छाप वाचा. मंगळुरात बासेल मिशननं असली कौलं १८६५ पासून काढली, म्हणजे ते छप्पर त्यानंतरचं.

हिडकल धरणाचं पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उघडं पडतं. तिथला गाळ वरून वाळलेला दिसतो, आत माणूस मांडीपर्यंत रुततो. स्थानिक माणूस पुढं चालू दे.

नाणं घासून झालंय, आता?

चिंचेचा अंश राहिला तर तांबं खात राहतो. साध्या पाण्यात दोन-तीनदा धुवा, मऊ कापडानं टिपा, सावलीत पूर्ण वाळवा, कागदात ठेवा. परत चमकवू नका, तेल लावू नका. कुठं सापडलं ते आठवतंय तोवर आजच लिहून काढा.