खिशातला हॉटस्पॉट घेताना या चुका टाळा

फोनसोबत बाळगायला छोटा वाय-फाय हॉटस्पॉट, म्हणजे सिम घालून फोन-लॅपटॉपला नेट देणारं यंत्र, घ्यायचं ठरलं की बहुतेक जण सुरुवात मॉडेलपासून करतात. बॅटरी किती, एका वेळी किती जण जोडता येतील, ऑफर कुठे आहे. सुरुवात करायला हवी ती जागेपासून. तो जिथे वापरायचा आहे, त्या खोलीत, त्या गावात, त्या रस्त्यावर कुठल्या कंपनीची रेंज खरोखर चालते हे आधी बघा. ते कळलं की पुढची निवड सोपी होते.

फोनमध्ये जे सिम, तेच हॉटस्पॉटमध्ये

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. तुमच्या फोनमध्येही हॉटस्पॉट आहेच. मग वेगळं यंत्र कशासाठी? फोनची बॅटरी वाचते, फोन तापत नाही, फोन घेऊन बाहेर गेलात तरी घरातल्यांचं नेट चालू राहतं, हे फायदे आहेत. पण खरा फायदा एकच: एक नेटवर्क पडलं तर दुसरं हाताशी असतं. दोन्हीकडे एकाच कंपनीचं सिम घातलं की हा फायदा गेला. टॉवर तोच, त्यावरची गर्दी तीच. गावात वीज जाऊन टॉवरची बॅटरी संपली की दोन्ही एकदमच बंद पडतात.

म्हणून आधी चाचणी घ्या. घरात कुणाकडे तरी दुसऱ्या कंपनीचं सिम असतंच. ते आपल्या फोनच्या दुसऱ्या खणात घाला, डेटा त्याच्यावर वळवा आणि लॅपटॉप जिथे ठेवता तिथेच बसून काम करून बघा. तेही रात्री आठ ते दहाच्या दरम्यान, सगळे जण नेटवर असताना. सकाळी अंगणात उभं राहून मिळालेल्या स्पीडवर भरवसा ठेवू नका. आणि एवढ्यानेच काम भागत असेल, तर ते दुसरं सिम फोनमध्येच राहू द्या. हॉटस्पॉटवर पैसे घालवायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

बँड न बघता खरेदी

बॉक्सवर ‘४जी’ लिहिलंय म्हणून यंत्र तुमच्या गावात चालेलच असं नाही. प्रत्येक कंपनीचं नेटवर्क ठरावीक बँडवर, म्हणजे फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्यांवर चालतं आणि यंत्राला तेच बँड पकडता यावे लागतात. जिओचं ४जी बँड ३, ५ आणि ४० वर चालतं. एअरटेलसाठी १, ३, ८ आणि ४० बघायचे. बीएसएनएलच्या नव्या ४जीसाठी १ आणि २८. यातले ५, ८ आणि २८ हे कमी फ्रीक्वेन्सीचे बँड आहेत. ते लांबवर पोचतात आणि भिंतीतून आत शिरतात. कोकणात, घाटमाथ्यावर किंवा जाड भिंतींच्या जुन्या घरात नेमके हेच उपयोगी पडतात, आणि स्वस्तातल्या यंत्रात हेच नसू शकतात. त्यामुळे माहितीपत्रकात बँडची यादी सापडेपर्यंत पैसे देऊ नका.

अमेरिकेतून कुणी प्रेमाने आणून दिलेला हॉटस्पॉट इथे अडतो तोही बहुतेक वेळा याच कारणाने. तिकडच्या कंपन्यांचा भर २, ४, १२, १३, ६६, ७१ अशा बँडवर असतो. शिवाय तो त्या कंपनीच्या सिमलाच लॉक केलेला असू शकतो. लॉकची भानगड आपल्याकडेही आहे: जिओचा हॉटस्पॉट ‘जिओफाय’ जिओच्या सिमसाठीच बनवलेला आहे. ‘सगळी सिम चालतात’ असं सांगून जुनी यंत्रं विकली जातात, तेव्हा आपलं सिम घालून, नेट सुरू करून दाखवा म्हणावं.

‘५जी वाय-फाय’ या शब्दांनीही अनेक जण फसतात. पुष्कळदा त्याचा अर्थ इतकाच असतो की यंत्राचं वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर चालतं. सिमचं नेटवर्क मात्र ४जीच राहतं. आणि थ्री-जीची जुनी डोंगल कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. जिओकडे थ्री-जी कधी नव्हतंच आणि एअरटेलने ते २०२० पर्यंत बंद केलं.

बँकेला जोडलेलं सिम आत घालणं

जास्तीचं सिम म्हणून घरातलं जुनं सिम हॉटस्पॉटमध्ये जातं आणि मग लक्षात येतं की बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. मेसेज येतो, पण तो हॉटस्पॉटच्या सेटिंगच्या पानावर जाऊन वाचावा लागतो. यूपीआयची नोंदणी करताना तर सिम फोनमध्येच लागतं, कारण पडताळणीचा मेसेज तिथूनच जातो. हॉटस्पॉटसाठी वेगळा, कशालाच न जोडलेला नंबर घ्या. त्याचं रिचार्ज मात्र चालू ठेवा. सलग ९० दिवस काहीच वापर नसेल तर नंबर बंद होऊ शकतो.

दुपारीच डेटा संपतो

‘दिवसाला दीड जीबी असून अकरा वाजताच संपतो,’ ही तक्रार नेहमी ऐकू येते. दोष सहसा यंत्राचा नसतो. फोनला फक्त ‘वाय-फाय मिळालं’ एवढंच कळतं, त्यामागे मोजून मिळणारा डेटा आहे हे कळत नाही. मग व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला प्रत्येक व्हिडिओ उतरतो, फोटोंचा बॅकअप सुरू होतो, अ‍ॅप अपडेट होतात. लॅपटॉपवर विंडोज असेल तर त्याचं अपडेट एकटंच दिवसाचा कोटा खातं.

उपाय दोन मिनिटांचा आहे. अँड्रॉइडमध्ये त्या वाय-फायच्या नावापुढच्या सेटिंगमध्ये जाऊन ते ‘मीटर्ड’ करा. विंडोजमध्येही त्याच कनेक्शनला ‘मीटर्ड’ करायची सोय आहे. आयफोनवर ‘लो डेटा मोड’ लावा. हे जोडलेल्या प्रत्येक यंत्रावर करायचं, पाहुण्यांच्या फोनवरसुद्धा.

वाय-फाय जोडलंय, पण नेट नाही

लगेच रीसेटचं बटण दाबू नका. आधी सिम काढून फोनमध्ये घालून बघा. तिथेही नेट नसेल तर प्रश्न रिचार्जचा किंवा रेंजचा आहे. फोनमध्ये चालतंय आणि हॉटस्पॉटमध्ये नाही, तर हॉटस्पॉटच्या सेटिंगमधलं एपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटला जोडण्यासाठी लागणारं नाव, तपासा. ‘जिओनेट’ किंवा ‘बीएसएनएलनेट’ हे इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहिलेलं हवं. नॅनो सिम अडॅप्टरमध्ये घालून बसवलं असेल तर ते किंचित सरकलेलंही असतं. बाहेर काढताना ओढू नका, आतल्या पिना वाकतात.

नेट येतंय पण रडतखडत, तर रेंजच्या काड्यांकडे बघू नका. मागच्या स्टिकरवर दिलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की सेटिंगचं पान उघडतं. बऱ्याच यंत्रांत तिथे आरएसआरपी नावाचा, सिग्नलची ताकद सांगणारा आकडा दिसतो. उणे ८०च्या आसपास असेल तर उत्तम, उणे १००ला काम चालतं, उणे ११०च्या खाली गेला की त्रास सुरू. तो आकडा बघत हॉटस्पॉट टेबलावरून खिडकीत, खिडकीतून माळ्यावर नेऊन बघा. लॅपटॉप जवळ असण्यापेक्षा हॉटस्पॉटला टॉवर नीट दिसणं जास्त महत्त्वाचं. त्याच पानावर स्टिकरवरचा पासवर्डही बदलून टाका. कोकण रेल्वेच्या प्रवासात मात्र असल्या उपायांवर विसंबू नका. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे. लागणाऱ्या फाइल आधीच उतरवून ठेवा.

चार्जरला कायम लावून ठेवणं

बॅटरी सहसा २,००० ते ३,००० एमएएचची असते. घरच्या राउटरसारखा हॉटस्पॉट दिवसरात्र चार्जरला लावून ठेवला की तो तापत राहतो आणि बॅटरी फुगते. मागचं झाकण जरा उचललेलं दिसलं तर वापर तिथेच थांबवा, बॅटरी दाबून बसवायचा प्रयत्न करू नका आणि ती ई-कचऱ्यातच द्या. काही मॉडेल बॅटरी काढूनही थेट चार्जरवर चालतात, काही चालत नाहीत. एकाच जागी बसून वापरायचा असेल तर खरेदीपूर्वी हे नक्की विचारा. बॅटरी निघणारी असेल तर त्याच मॉडेलची नवी बॅटरी बाजारात मिळते का, तेही तेव्हाच बघून घ्या.